ट्रेमधला वाफसा
जुन्नर-आंबेगावच्या रोपवाटिका आणि बिनमातीच्या माध्यमातील हवा-पाण्याचा प्रश्न

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत टोमॅटोचे रोप आता बहुतेक ठिकाणी मातीत उगवत नाही. ते नारळाच्या भुश्श्यात, म्हणजे कोकोपीटमध्ये, उगवते. मातीशी त्याची पहिली गाठ पडते ती लागवडीच्या दिवशी, तीन-साडेतीन आठवड्यांचे झाल्यावर. कोबी, फ्लॉवर, मिरची, ढोबळी, झेंडू, कलिंगड यांचेही तेच. तोवर रोपाचे सगळे जग म्हणजे ट्रेमधला एक कप्पा. त्यात मूठभरही कोकोपीट मावत नाही.

एवढ्याशा जागेत पाणी किती राहते आणि हवा किती, यावर रोपाचे आणि पुढे पिकाचे बरेच काही अवलंबून असते, हे रोपवाटिकावाला, शेतकरी आणि शास्त्रज्ञ तिघेही मान्य करतात. वाद आहे तो हा समतोल साधायचा कशाने, याचा. नुसते कोकोपीट पुरते की त्यात पर्लाईट, व्हर्मिक्युलाईट यांसारखी फुगवलेली हलकी खनिजे किंवा गांडूळखत मिसळावे? माती अजिबात सोडावी का? पॉलिहाऊसमधले लाल मातीचे वाफे मोडून कोकोपीट भरलेल्या पिशव्या, म्हणजे ग्रोबॅग, मांडाव्यात का? गेली काही वर्षे हे प्रश्न मेळाव्यांत, रोपवाटिकांच्या ऑफिसांत आणि चहाच्या टपरीवरही निघतात. आज त्यांची स्थिती काय आहे, ते पाहू.

गादीवाफ्यापासून ट्रेपर्यंत

जुनी पद्धत गादीवाफ्याची. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच वाफा, त्यात कुजलेले शेणखत, बोटाने ओढलेल्या ओळी आणि दाट पेरलेले बी. रोपे उपटून लावायची. उपटताना बारीक मुळ्या तुटत आणि रोप शेतात आठवडाभर नुसते बसून राही. बी घरचे किंवा स्वस्त होते तोवर याचे कोणाला फारसे वाटत नव्हते. संकरित बियाणे आले आणि हिशेब बदलला. टोमॅटोच्या दहा ग्रॅमच्या पुडीत साधारण तीन हजार दाणे असतात आणि पुडीची किंमत पाहता प्रत्येक दाण्याचे रोप झालेच पाहिजे. मोजून घेतलेले बी मूठ भरून फोकणे परवडेना. एका कप्प्यात एक बी, हा ट्रेचा हिशेब तिथून सुरू झाला.

दुसरे कारण भूगोलाचे. या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग नाणेघाट, माळशेज, भीमाशंकरच्या पावसाचा. पूर्वेकडे आणे पठार, बेल्हे किंवा लोणी-धामणीचा पट्टा पाण्यासाठी डोळे लावून बसणारा. मधल्या पट्ट्याला कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी हात दिला. त्या पाण्यावर उन्हाळी टोमॅटो उभा राहिला आणि नारायणगावचा टोमॅटो बाजार मोठा झाला. 2023 च्या जुलैत तिथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला, ते वर्ष कोणी विसरलेले नाही. पण उन्हाळी लागवडीची रोपे फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या, तापत जाणाऱ्या हवेत तयार करावी लागतात आणि खरिपाची जून-जुलैच्या दमट हवेत. ट्रे तोच, कोकोपीट तेच, पाणी देणारा माणूसही बहुधा तोच. हवा-पाण्याचा प्रश्न इथे अवघड होतो तो यामुळे. हॉलंडच्या काचघरात एकच ऋतू बाराही महिने चालवता येतो. आपल्या शेडनेटमध्ये वर्षातून दोन वेगळे देश येऊन जातात.

बाहेरच्या जगात ही वाट जुनी आहे. इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी 1930 च्या दशकात माती, पीट आणि वाळू यांचे ठरावीक मिश्रण बसवले. 1957 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून केनेथ बेकर यांच्या संपादनाखाली निघालेल्या पुस्तिकेने बारीक वाळू आणि पीट यांवर भर दिला. 1960 च्या दशकात कॉर्नेलच्या बूडली आणि शेल्ड्रेक यांनी माती पूर्ण काढून टाकली आणि पीटमध्ये व्हर्मिक्युलाईट किंवा पर्लाईट घातले. पीट म्हणजे थंड प्रदेशांतल्या दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेला शेवाळाचा थर. आपल्याकडे तसा साठा नाही. होते ते काथ्याच्या गिरण्यांबाहेरचे ढीग. सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा केरळ-तमिळनाडूत कचरा म्हणून पडून असे. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून जगाने तो पीटच्या जागी वापरायला सुरुवात केली आणि कचऱ्याला किंमत आली. आज भारताच्या काथ्या-निर्यातीत सर्वांत मोठा वाटा याच भुश्श्याचा आहे. पोल्लाचीकडून निघालेल्या पाच किलोच्या विटा नारायणगावात येऊन पाण्यात फुगतात, त्या याच व्यापाराच्या फांदीवरून.

हवा जाते कुठे

मूळ श्वास घेते, आणि त्यासाठी प्राणवायू मुळापर्यंत पोचावा लागतो. हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मुळाभोवतीच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरते. पाणी वर खेचायलाही मुळाला ऊर्जा लागते, म्हणून चिंब ट्रेतले रोप भर पाण्यात माना टाकते. अनुभव नसलेला माणूस ते पाहून आणखी पाणी मारतो.

उन्हाळ्यात यात भर पडते. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, तीस अंशांवर साडेसात. पाणी तापले की पुरवठा घटतो आणि त्याच वेळी मुळाची गरज वाढते. त्यामुळे चिंब ट्रे हे फक्त पावसाळ्याचे दुखणे आहे असे मानायचे कारण नाही. एप्रिलमध्ये दुपारी भरपूर पाणी मारलेला ट्रे थोड्या वेळापुरता का होईना, पावसाळ्यातल्या चिंब ट्रेहून वाईट असू शकतो.

शेतात हा प्रश्न वाफसा सोडवतो. पाऊस उघडला की एक-दोन दिवसांत मोठ्या पोकळ्यांतले पाणी खाली उतरते, तिथे हवा येते, बारीक पोकळ्यांत ओल राहते. मूठ वळून पाहिली की कळते. हे घडते कारण पाण्याला खाली जायला जागा असते. वरच्या थराखाली कित्येक फूट माती असते आणि ती पाणी ओढत राहते. पंधरा सेंटिमीटरचा गादीवाफासुद्धा खालच्या जमिनीशी जोडलेला असतो.

ट्रेचा कप्पा मात्र खालून तोडलेला असतो. भोकाशी आलेले पाणी उघड्या हवेत सहजासहजी उतरत नाही. बारीक पोकळ्यांनी त्याला धरून ठेवलेले असते आणि ही पकड सोडवण्याइतका वरच्या पाण्याचा भार असावा लागतो. म्हणून कुंडी असो की कप्पा, तळाशी ठरावीक उंचीचा थर निथळल्यावरही पूर्ण भरलेलाच राहतो. या थराची उंची माध्यमाच्या बारीक-जाडपणावर ठरते, भांड्यावर नाही. समजा एखाद्या कोकोपीटात हा थर दोन सेंटिमीटरचा आहे. सोळा सेंटिमीटर उंच कुंडीत तो आठवा हिस्सा झाला. चार सेंटिमीटर खोल कप्प्यात तो निम्मा झाला. माल एकच, पाणी एकच. एका ठिकाणी वाफसा, दुसऱ्या ठिकाणी चिखल.

खात्री करायची असेल तर एक ट्रे चिंब भिजवावा, आडवा धरावा आणि थेंब थांबेपर्यंत थांबावे. मग तोच ट्रे एका कडेवर तिरपा करावा. भोकांतून पुन्हा पाणी गळू लागते. बदलली ती फक्त प्रत्येक कप्प्यातल्या पाण्याची उभी उंची. कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर घालण्याचा जुना सल्लाही याच कसोटीवर टिकत नाही. पाणी खडीत उतरत नाही, खडीच्या वर अडकते. म्हणजे भरलेला थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी ठेवणे वेगळे, त्याने काही बिघडत नाही.

आता आकडे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे डी बूट आणि फर्डोंक यांनी 1972 मध्ये आदर्श माध्यमाचे निकष मांडले: एकूण पोकळी 85 टक्क्यांच्या आसपास, 10 सेंटिमीटर पाण्याच्या ताणावर 20 ते 30 टक्के हवा, आणि 10 ते 50 सेंटिमीटर ताणादरम्यान सहज मिळणारे पाणी 20 ते 30 टक्के. हे निकष पुढे पाठ्यपुस्तकांत गेले आणि आजही माध्यम विकणारे त्याच भाषेत बोलतात. पण 10 सेंटिमीटरचा ताण म्हणजे, सोप्या शब्दांत, मुक्त पाण्याच्या पातळीपासून 10 सेंटिमीटर वर असलेल्या माध्यमाची स्थिती. आपला कप्पा साधारण चार सेंटिमीटरचा. निथळल्यावर त्याच्या अगदी वरच्या कडेलाही चार सेंटिमीटरपेक्षा जास्त ताण येत नाही, तळाशी तर शून्य. पिशवीवर लिहिलेली हवा ट्रेमध्ये नसतेच. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात विल्यम फोन्टेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांड्याच्या उंचीप्रमाणे हवा-पाण्याचा हिशेब मांडला. पंधरा सेंटिमीटरच्या कुंडीत पाचव्या हिश्श्याच्या आसपास हवा राखणारे मिश्रण रोपांच्या बारीक कप्प्यांत गेले की हवा थोड्या टक्क्यांवर येते, असे त्यातून दिसते.

माझ्या मते इथल्या निम्म्या वादाचे मूळ इथेच आहे. एक म्हणतो कोकोपीट उत्तम, दुसरा म्हणतो त्याने रोपे सडली, आणि दोघेही किती खोल भांड्यात ते सांगत नाहीत.

कोकोपीट म्हणजे नेमके कोणते

शिवाय कोकोपीट ही एक वस्तू नाही. एव्हान्स, कोंदुरू आणि स्टॅम्प्स यांनी 1996 मध्ये फिलिपिन्स, श्रीलंका आणि इंडोनेशियातील नमुने तपासले. भौतिक गुणांत फरक होता, पण मर्यादित: एकूण पोकळी 85.5 ते 89.5 टक्के, हवा 9.5 ते 12.6 टक्के, पाणी 73 ते 80 टक्के. क्षारांचा फरक मात्र फार मोठा होता, कारण सोडणे कुठे आणि कसल्या पाण्यात कुजवली यावर सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड ठरतात. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाचे मानुएल अबाद आणि सहकारी यांनी 2005 मध्ये दाखवले की भुश्श्याच्या कणांचा आकार बदलला की हवा आणि पाण्याचे प्रमाण आमूलाग्र बदलते. जाड, तंतुमय भुसा हवा देतो, पाणी सोडून देतो. पिठासारखा भुसा उलट.

विटा फुगवणाऱ्याला हे हाताला कळते. एखाद्या खेपेचा माल बोटांत रवाळ लागतो, पुढच्या खेपेचा गाळासारखा. दर मात्र वजनावर आणि धुतलेला की न धुतलेला यावर ठरतो. न धुतलेल्या मालाने मागे अनेकांची रोपे करपल्यामुळे क्षारांबद्दल सगळे सावध झाले आहेत, आता गिऱ्हाईक ईसी, म्हणजे क्षारांचे माप, किती ते विचारते. चाळणी कोणती, हे क्वचितच कोणी विचारते.

नुसते की मिसळलेले

पहिली बाजू नुसत्या कोकोपीटवाल्यांची. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 98 कप्प्यांच्या ट्रेला सुमारे सव्वा किलो कोकोपीटची शिफारस देशभर पोचली आणि इथेही तीच रूढ आहे. या बाजूचे म्हणणे असे: तणाचे बी नाही, वजन हलके, टेम्पोत ट्रे रचून न्यायला सोपे, सगळे ट्रे सारखे. सुकलेले पीट पाणी नाकारते, कोकोपीट सुकले तरी पुन्हा लवकर भिजते. उन्हाळ्यात हा गुण सोन्याचा. हवा कमी पडते ती माध्यमाने नाही, पाइप धरणाऱ्याने. खत विद्राव्य स्वरूपात देता येते, त्यासाठी माध्यमात काही मिसळायची गरज नाही.

दुसरी बाजू मिश्रणवाल्यांची. त्यांचा भर पावसाळ्यावर. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसते, ट्रेतले पाणी उडत नाही, वर शेवाळ धरते, काळी चिलटे घोंघावतात आणि रोपे बुडाशी कोलमडतात. कोलमडीची पिथियम बुरशी पाण्याच्या थरातूनच एका रोपाकडून दुसऱ्याकडे जाते. बुरशीनाशकाची आळवणी करताना आपण ओल्या ट्रेवर आणखी पाणी ओततो, त्यापेक्षा पोकळी वाढवा, असे ते म्हणतात. पर्लाईट किंवा जाड व्हर्मिक्युलाईट घालून ती वाढवता येते.

तत्त्व बरोबर आहे, प्रमाणात गोची आहे. जाड कण थोडे घातले तर बारीक कण त्यांच्या मधल्या फटी भरून टाकतात आणि हवा जवळपास तेवढीच राहते. कधी एकूण पोकळी घटतेसुद्धा. जाड कण एकमेकांना टेकून स्वतःचा सांगाडा उभा करू लागतील इतके झाले, तरच फरक पडतो. मूठभर पर्लाईट हा मनाच्या समाधानाचा खर्च आहे. पुरेसे घालायचे तर ट्रेमागचा खर्च वाढतो, आणि रोपाचा दर पैशांत मोजणाऱ्या धंद्यात ते अंगावर घ्यायला कोणी राजी नसते. उन्हाळ्यात तोच मोकळा ट्रे दिवसातून एक पाणी जास्त मागतो, ही पहिल्या बाजूची तक्रारही खरी आहे.

गांडूळखताचे प्रकरण वेगळे आहे. ते घालणाऱ्यांचा हेतू अन्न आणि जिवाणूंचा असतो, ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीही त्यातूनच दिली जाते. रोपांना त्याने काळोखी येते, हे नाकारता येत नाही. पण ट्रेत भरायचे म्हणून आपण ते बारीक चाळतो आणि चाळणीखालचे पीठ वापरतो. हवेच्या दृष्टीने यासारखा वाईट भाग दुसरा नसेल. दहावा हिस्सा घालणारे आणि तिसरा हिस्सा घालणारे दोघेही ‘आम्ही गांडूळखत घालतो’ एवढेच सांगतात, म्हणून त्यांच्या अनुभवांची तुलना करता येत नाही.

माती सोडू नका म्हणणारे

बिनमातीच्या या सगळ्या खटाटोपालाच ज्यांचा आक्षेप आहे, त्यांचे म्हणणे बाजूला सारण्यासारखे नाही. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत, जीवामृत आणि आच्छादनाबरोबर वाफसा हा चौथा आधार आहे. मुळाला पाण्याची धार नको, ओल आणि हवा हवी, हे त्यांचे सांगणे वरच्या सगळ्या भौतिकशास्त्राशी जुळते. त्यांचा निष्कर्ष मात्र वेगळा: हे काम जिवंत जमीन करते, ते विकतच्या भुश्श्याकडून करून घेऊ नये. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने दुसरी वाट धरली. पालापाचोळा, उसाचे चिपाड, थोडी माती यांतून मुळांसाठी मोकळे, भुसभुशीत घर तयार करायचे आणि पाणी मोजून द्यायचे. त्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक वाचून पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर विटांचे वाफे लावणारे आजही आहेत, आणि त्या वाफ्यांत माती इतकी कमी असते की ते बिनमातीचेच म्हणावेत. त्यामुळे माती विरुद्ध बिनमाती अशा दोन सरळ फळ्या पडत नाहीत.

इथल्या शेतात एक जागा मातीने सोडलेली नाही: कांदा. जुन्नर-आंबेगावात कांद्याचे रोप अजून वाफ्यातच होते, कारण एकरी लाखांनी लागणाऱ्या रोपांना कप्पा परवडत नाही आणि कांद्याला उपटणे सोसते. टोमॅटोचे गादीवाफे परत आणा म्हणणाऱ्यांनी ट्रेमुळे वाचलेले बी आणि मजुरी यांचा हिशेब मांडलेला मी पाहिलेला नाही. उलट बाजूनेही, जमिनीतल्या जिवाणूंशी गाठ न पडता भुश्श्यात वाढलेले रोप शेतात गेल्यावर रोगाला लवकर बळी पडते का, या प्रश्नाला ‘आमच्याकडे तसे नाही’ एवढेच उत्तर मिळते.

पॉलिहाऊसमध्ये

तळेगावच्या फुलशेतीपासून सुरू झालेली पॉलिहाऊसची वाट आंबेगाव-जुन्नरपर्यंत पोचली. जरबेरा, गुलाब, रंगीत ढोबळीसाठी बसलेले सूत्र लाल माती 70 टक्के, शेणखत 20 टक्के, भाताचे तूस 10 टक्के. वाफा दीड फूट उंच. काळी माती इथे कोणीच वापरत नाही; तिच्या बारीक पोकळ्या एकदा भरल्या की सुटत नाहीत. दीड फुटाच्या उंचीमुळे आणि जमिनीशी असलेल्या जोडणीमुळे या वाफ्याला वाफसा राखणे ट्रेपेक्षा सोपे जाते. अडचण पुढे येते. तूस कुजते, वाफा दबतो, पाणी वर साचू लागते आणि सूत्रकृमी घर करतात. माती बदलायची म्हटले तर ट्रॉल्यांचा खर्च.

ग्रोबॅग किंवा कुंड्यांचा पुरस्कार इथून सुरू होतो. नवे माध्यम, जुना रोग नाही, पाणी-खतावर पूर्ण ताबा. पण ग्रोबॅग उथळ असते, त्यात जाड कोकोपीट वापरावे लागते, आणि जाड कोकोपीटात पाण्याचा साठा थोडा. म्हणून दिवसातून अनेकदा थोडे थोडे पाणी द्यायचे आणि क्षार साचू नयेत म्हणून त्यातला काही हिस्सा निथळू द्यायचा, ही पद्धत. शेतीपंपाला वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री येते तिथे ही शिस्त साठवण टाकी आणि सौर किंवा डिझेलच्या सोयीशिवाय पाळता येत नाही. मातीचा वाफा एक-दोन दिवसांची चूक पोटात घालतो, भर उन्हातली ग्रोबॅग दुपारचीही घालत नाही. निथळलेल्या खताच्या पाण्याचे काय करायचे, याची सोय बहुतेक ठिकाणी अजून ‘बांधाकडे सोडणे’ एवढीच आहे.

पाइप धरणारा हात

माध्यमावर इतके बोलले जाते, पण भरण्याच्या आणि पाण्याच्या सवयींवर फारसे नाही. ट्रे भरताना कोकोपीट अंगठ्याने दाबले की मोठ्या पोकळ्या आधी मिटतात. भरलेले ट्रे पेरणीआधी एकावर एक रचले की तेच. पेरल्यावर उगवणीसाठी तीन-चार दिवस झाकून रचलेल्या थप्पीत खालच्या ट्रेंवर सगळा भार असतो. खालची रोपे मागे का, याचे एक उत्तर तिथे मिळू शकते.

ट्रे कशावर ठेवला, हेही तितकेच महत्त्वाचे. प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवला आणि कागदाला खळगा असला तर भोके पाण्यात बसतात. मातीवर टेकला तर माती खालून पाणी ओढून घेते आणि हवा वाढते, पण मुळ्याही खाली उतरतात आणि उचलताना तुटतात. तारेच्या मांडवावर खालून हवा लागून मुळ्यांची टोके आपोआप थांबतात, कडेचे कप्पे मात्र भराभर सुकतात. जाणते लोक वरचा रंग पाहून पाणी देत नाहीत, कारण कोकोपीट वरून फिके पडते तेव्हा तळ बऱ्याचदा ओला असतो. ट्रे एका हाताने उचलून वजन पाहतात. ही विद्या कामावरच्या बायका दोन हंगामांत शिकतात आणि त्या दुसरीकडे गेल्या की रोपवाटिकेतून निघून जाते.

काय सुटलेले नाही

लागवडीनंतरचे पहिले चार दिवस हा सर्वांत कमी अभ्यासलेला भाग. कोकोपीटचा मोकळा गोळा काळ्या मातीत बसतो. मातीच्या बारीक पोकळ्यांची ओढ कोकोपीटपेक्षा जास्त असल्याने त्या गोळ्यातले पाणी माती खेचून घेते. बाजूची माती ओली दिसते, रोप मात्र सुकते, कारण मुळ्या अजून गोळ्यातच असतात. ड्रिपरचे पाणी गोळ्यावर पडते की वीतभर लांब, यावर मग रोपाचे जगणे ठरते. गोळा किती खोल लावावा, ट्रे शेतात नेण्याआधी पूर्ण भिजवावा की कडक रोपासाठी थोडा सुका ठेवावा, याबद्दल परस्परविरोधी सल्ले चालतात आणि दोन्हींच्या मागे आपापली शेते आहेत.

दुसरा प्रश्न स्थानिक मालाचा. निर्यातीची ओढ वाढली की कोकोपीट महागते, आणि युरोपात पीटचा वापर कमी करण्याची धडपड चालू असल्याने ही ओढ ओसरेल असे दिसत नाही. जवळ काय आहे? विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने, म्हणजे बगॅस (उसाचे चिपाड) आणि मळी (प्रेसमड); पश्चिमेच्या भातपट्ट्यातले तूस. बगॅस मोकळे असते पण त्यात कार्बन फार, ते कुजताना नत्र खाते आणि दबून ट्रेतली उंचीच कमी करते. शिवाय ते बॉयलरमध्ये जाळून वीज करणे कारखान्याला जास्त परवडते. मळी बारीक आणि जड. भाजलेले तूस आशादायक वाटते, कुजत नाही आणि हलके असते. पण कोकोपीटमध्ये त्याचा किती हिस्सा घालावा, याचे या भागातल्या ट्रेवर, दोन्ही हंगामांत घेतलेले आकडे लागतील.

तिसरा खोलीचा, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. कप्पा आणखी दीड-दोन सेंटिमीटर खोल केला तर माध्यम न बदलता हवेचा हिस्सा वाढतो. पण खोल कप्प्याला कोकोपीट जास्त, ट्रे महाग, टेम्पोत थप्प्या कमी. कमी कप्प्यांचा ट्रे घेतला तर शेडनेटखालच्या त्याच जागेत रोपे कमी निघतात. राज्य सरकारच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेसारख्या अनुदानांतून शेडनेट उभे राहिले, पण कोणत्या खोलीचा ट्रे चांगला हा विषय तिथेही आलेला नाही. शेतकरी रोप घेताना वाण विचारतो, वय विचारतो, दर विचारतो. खोल कप्प्यातल्या रोपाला दहा पैसे जास्त द्यायला तो तयार होईल का, हे रोपवाटिकावाल्यांना आजमावून पाहावे लागेल.

त्यासाठी लागणारी मोजणी प्रयोगशाळेशिवाय होते. रिकाम्या ट्रेची भोके खालून चिकटपट्टीने बंद करून त्यात किती पाणी मावते ते मोजायचे. मग ते पाणी ओतून टाकून, ट्रे सुकवून, नेहमीप्रमाणे कोकोपीट भरायचे, वर चमक येईपर्यंत सावकाश पाणी घालायचे, काही तास मुरू द्यायचे, पुन्हा भरायचे. परातीवर ट्रे धरून पट्ट्या काढायच्या आणि थेंब थांबल्यावर परातीतले पाणी मोजायचे. त्याला पहिल्या मापाने भागले की निथळल्यावर त्या ट्रेत हवेचा हिस्सा किती, ते मिळते. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राने किंवा चार रोपवाटिकांनी मिळून वेगवेगळ्या खोलीचे ट्रे आणि बाजारातले चार-पाच प्रकारचे कोकोपीट घेऊन ही मोजणी केली, आणि प्रत्येक ट्रेतली किती रोपे एप्रिलमध्ये व किती जुलैत टिकली ते शेजारी लिहिले, तर इथल्या वादाला पहिल्यांदाच इथले आकडे मिळतील.